शारदेचा नकार

दिवाळी सरते, तुळशीचं लग्न लागतं आणि मग माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघू लागतात. धाराशिव जिल्ह्यात त्याआधीच आणखी एक लगबग सुरू झालेली असते. दसऱ्याच्या आगेमागे कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी आणि त्या पसाऱ्यावर बसलेली लेकरं. मुकादमानं उचल दिलेली असते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. घरातला पोरगा कामाजोगा झाला की त्याचा कोयता पुरा करायची घाई होते. ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांची पोरगी असते, तिथं घोर वेगळा. पाच-सहा महिने गाव सोडायचं, तर हिला ठेवायची कुणापाशी? सोबत न्यावी, तर उसाच्या फडात नि कारखान्याजवळच्या खोपटात तिची राखण कोण करणार? दोन्ही घरांच्या अडचणींना एकच उत्तर सापडतं आणि सुपारी फुटते.

या मुलीला काय वाटतं, हे विचारायची रीत नाही. ते चारचौघांत बोलून दाखवणारी एक मुलगी मराठी रंगभूमीवर मात्र सव्वाशे वर्षांपासून उभी आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' या नाटकाची ती नायिका. एखाद्या नाटकातल्या पात्रानं समाजाच्या वागण्यात किती फरक पडतो, हा प्रश्न मराठीत विचारायचा झाला तर शारदेपासूनच सुरुवात करावी लागते. तिनं काय बदललं आणि काय बदलायचं राहिलं, हे पाहायला आज धाराशिवसारखा जिल्हा दुसरा नाही.

देवलांची लेक

'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीनं १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला केला. देवल (१८५५–१९१६) सांगलीजवळच्या हरिपूरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेले. 'मृच्छकटिक', 'झुंझारराव', 'शापसंभ्रम', पुढं 'संशयकल्लोळ' अशी त्यांची बाकीची नाटकं संस्कृत, इंग्रजी किंवा फ्रेंच मुळांवरून आलेली. 'शारदा' तेवढं त्यांचं सर्वस्वी स्वतःचं. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून, संगीत रंगभूमीवर पुराणांतल्या आणि संस्कृत काव्यांतल्या राजकन्या वावरत होत्या. देवलांनी त्यांच्या जागी एका गरीब भटजीची मुलगी आणून उभी केली. ती प्रेक्षकांच्या शेजारच्या घरातली होती, कित्येकांच्या स्वतःच्या घरातलीही होती.

नाटकाची गोष्ट साधी आहे. भुजंगनाथ हा श्रीमंत, म्हातारा विधुर पुन्हा लग्नाला उभा राहतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ त्याच्यासाठी स्थळ शोधतो. कांचनभट हा बाप पैशाच्या लोभानं आपली लेक शारदा त्याला द्यायला तयार होतो. आई इंदिराकाकूचा जीव तुटतो, पण तिच्या शब्दाला घरात वजन नाही. कोदंड हा तरुण सुधारक हे लग्न मोडायला धडपडतो.

त्या काळी अशी लग्नं का होत, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. पुरुषाची बायको गेली की तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोहल्यावर चढे. उच्च मानल्या गेलेल्या जातींत विधवेला मात्र पुनर्विवाहाची बंदी होती आणि मुलीचं लग्न ऋतुप्राप्तीआधी उरकलंच पाहिजे असा दंडक होता. म्हणजे साठीच्या विधुराला आपल्या वयाजोगी नवरी मिळणंच शक्य नव्हतं. त्याच्यासाठी उरत त्या आठ-दहा-बारा वर्षांच्या पोरी, आणि त्या देत गरीब बाप, मोबदला घेऊन. जरठकुमारी विवाह आणि कन्याविक्रय या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. म्हातारा काही वर्षांत मरे. मागं उरे ती केशवपन झालेली, आलवणातली बालविधवा, आणि उरलेलं सगळं आयुष्य.

मंडपात काय घडतं

शारदेची ताकद तिच्या बोलण्यात आहे. मैत्रिणी नवरदेवाच्या वयावरून, दातांवरून, डोळ्यांवरून तिची थट्टा करतात तेव्हा प्रेक्षक खळखळून हसतात. मग तीच शारदा आईपाशी जाते. आपल्या मनात दाटलेली भीती सांगते, गळ्यावर सुरी फिरवलीत तरी चालेल पण हे लग्न नको, अशा अर्थाचं विनवते. हसलेलं प्रेक्षागृह गप्प होतं. देवलांची पदं अवघड नव्हती. साकी, दिंडी, ओवीच्या अंगानं जाणाऱ्या चाली आणि माजघरातली भाषा. त्यामुळं ती थिएटरातून निघाली ती थेट स्वयंपाकघरात पोचली. ज्या बायकांना आपली व्यथा उघड बोलायची सोय नव्हती, त्यांना ती शारदेच्या नावानं गुणगुणता येऊ लागली. नाटक पाहून लेख लिहिले गेले, भाषणं झाली, ते सगळं खरंच. तरी मला या नाटकाचं सगळ्यांत खोल गेलेलं काम हेच वाटतं.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. शारदा पहिली कितीतरी वर्षं मुलग्यांनी साकारली. बायकांना रंगभूमीवर यायची मुभा नव्हती. पुढं बालगंधर्वांनीही ती भूमिका केली. मुलीचं दुःख महाराष्ट्रानं आधी मुलग्याच्या गळ्यातून ऐकलं. खरी मुलगी तेच बोलली असती तर ते ऐकून घेतलं गेलं असतं का, हा प्रश्न मागं उरतोच.

आता मंडपातला प्रसंग जवळून पाहू. मांडव सजलाय, वऱ्हाड जमलंय, शारदा बोहल्यावर उभी आहे. विधी पुरे व्हायच्या आत कोदंड येतो आणि लग्न थांबवतो. ते कशाच्या जोरावर थांबतं? मुलीच्या नकारावर नाही. नवऱ्याच्या वयावरही नाही. दोघं सगोत्र निघतात म्हणून. शास्त्रात सगोत्र विवाह निषिद्ध, तेव्हा भटजींना पोथी मिटावी लागते. शारदेनं गाऊन, रडून, विनवून जे साधलं नाही, ते गोत्राच्या एका नियमानं साधतं.

त्यानंतरचा भाग तर त्याहून बोचरा आहे. अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला आता कोण पत्करणार? शारदा नदीवर जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो. शंकराचार्यांचा कौल घेतला जातो, विधी अपुरे राहिल्यानं ती अविवाहितच ठरते, आणि कोदंडाशी तिचं लग्न होतं. शेवट गोड होतो. पण तिचा जीव, तिचं लग्न, तिची सुटका, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. १८९९ साली याहून पुढं जाणं कोणत्याही नाटककाराला सोपं नव्हतं. तिकडं युरोपात इब्सेनच्या नाटकातली नोरा १८७९ साली घराचं दार ओढून घेऊन बाहेर पडली, तर जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला शेवट बदलून द्यावा लागला होता. आणि नोराला निदान दार तरी होतं. शारदेला घराबाहेर पडायचं झालं तर वाट एकच होती, नदीची.

शारदेच्या आधीच्या

शारदा शून्यातून आली नाही. तिच्या आधी मुंबईत रखमाबाई होऊन गेल्या होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याच्या, दादाजी भिकाजीच्या, घरी नांदायला जायचं नाकारलं. समज नसताना लावलेलं लग्न मला बांधील नाही, ही त्यांची भूमिका. दादाजी कोर्टात गेला. १८८७ साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत-राजकोटकडं त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. त्यानं वयाची मर्यादा दहावरून फक्त बारावर नेली, तरी त्यावरून टिळक आणि आगरकरांच्या बाजूंनी महाराष्ट्र ढवळून निघाला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली यमू त्याच दशकातली. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. शारदा या सगळ्यांच्या पाठीवर जन्मलेली लेक.

तिच्या कितीतरी आधीची एक बाई तर आमच्या तुळजापूरच्या वाटेवर भेटते. संत एकनाथांच्या एका भारुडातली सून भवानीआईला नवस बोलते. सासरचा एकेक माणूस वाटेतून दूर कर, मी तुला रोडगा वाहीन, असं तिचं मागणं. भारुडाचा अर्थ परमार्थाचा. सासरची माणसं म्हणजे मनाचे विकार. कीर्तनकार तो अर्थ उलगडून सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण हे भारूड रंगतं तेव्हा पुढं बसलेल्या बायका कोणत्या अर्थानं माना डोलावतात, हे त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येतं. सोळाव्या शतकापासून या भागातल्या बाईच्या संतापाला लोकरंगभूमीनं देवीसमोर जागा दिली. लुगडं नेसून ती सून उभी करणारा पुरुषच असे, आणि तिचं म्हणणं देवीच्या कानावर घातलं तरच चाले. तरी जागा होती. धाराशिवात घरातलं लग्न झालं की आजही अनेक कुळांत तुळजाभवानीचा गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ वाजतं, गोंधळी आख्यान लावतात. नवी नवरी जागी राहून ते ऐकते. आख्यानात देवी महिषासुराला मारते. ऐकणारी मुलगी कधीकधी पंधराच वर्षांची असते.

कायद्याची सरहद्द

सप्टेंबर १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा. महाराष्ट्रात मात्र तो सरसकट 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जाऊ लागला. कित्येक घरांत तो देवलांच्या शारदेमुळंच आला असा समज होता. तो चुकीचा होता, तरी एका नाटकातली मुलगी लोकांच्या मनात किती घट्ट बसली होती, हे त्यावरून कळतं.

पण हा कायदा धाराशिवपर्यंत पोचला नाही. कारण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता, आणि हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बार्शी आणि सोलापूर इंग्रजांकडं, तर तुळजापूर, परंडा, कळंब निजामाकडं. बैलगाडीच्या एका दिवसाच्या अंतरावर कायदा बदलत होता. सरहद्दीच्या पलीकडं जे लग्न गुन्हा ठरे, ते अलीकडं बिनबोभाट लागे. संस्थानी हद्दीत जाऊन बालविवाह उरकून येणं ही त्या काळी देशभरातली नेहमीची पळवाट होती. ब्रिटिश मुलखातही कायदा मंजूर झाल्यापासून अमलात येईपर्यंतच्या काही महिन्यांत लोकांनी घाईघाईनं पोरींची लग्नं लावून टाकली.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. देशाचे कायदे इथंही लागू झाले. वयाची अट १९७८ मध्ये मुलीसाठी अठरा, मुलासाठी एकवीस झाली. पण संस्कृतीच्या अंगानं पाहिलं, तर शारदेनं पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात पन्नास वर्षं जी मशागत केली, ती या भागाच्या वाट्याला थोडीच आली. शिवाय शारदेचं घर ब्राह्मणाचं होतं, तिचा प्रश्न त्या घराच्या चौकटीत मांडलेला होता. रानात राबणाऱ्या बहुजन घरांच्या बोलीत हा विषय सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी नेला. पण खेड्यातल्या त्या मुलीला नायिका करणारं 'शारदा'सारखं गाजलेलं नाटक झालं नाही.

शहरात शारदेची पुढची पिढी मात्र आली. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' हा चित्रपट काढला. शांता आपटे यांची नीरा फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाते. ती नदीवर जात नाही. ती त्याच घरात राहते, पण त्याला नवरा मानायचं साफ नाकारते. तिच्या नकारापुढं केशवराव दात्यांचा काकासाहेब आतून मोडत जातो, त्याला आपला अन्याय कळतो. शारदेनं जे रडून सांगितलं, ते नीरा ताठ मानेनं सांगते. मधल्या अडतीस वर्षांत मराठी मुलगी एवढी पुढं आली होती.

आजचा मांडव

जरठकुमारी विवाह आज जवळजवळ संपला आहे. भुजंगनाथ हरला. हा शारदेचा विजय आहे आणि तो निर्विवाद मानला पाहिजे. बालविवाह मात्र संपला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठरा पुरी व्हायच्या आत झालं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि धाराशिवला लागून असलेल्या बीडमध्ये ४३.७ टक्के होतं. धाराशिव याच पट्ट्यातला जिल्हा. पाऊस बेभरवशाचा, कोरडवाहू शेती, हंगामी स्थलांतर. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांच्यासोबत त्याचं नाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, कामं बुडाली, पन्नास माणसांत लग्न उरकायची मुभा मिळाली आणि अशा लग्नांना पुन्हा ऊत आला.

पण आजचा मांडव देवलांच्या मांडवासारखा नाही. नवरा म्हातारा नाही, वीस-बावीस वर्षांचा आहे. पैसा उलट्या दिशेनं वाहतो. कांचनभट पैसे घेत होता, आजचा बाप देतो. पोरीचं वय वाढलं, शिक्षण वाढलं की तिला साजेसा मुलगा पाहावा लागतो आणि हुंड्याचा आकडा चढतो. म्हणून लहान असतानाच उजवली तर स्वस्तात सुटका. वर गावातली नेहमीची वाक्यं असतातच : जमाना खराब आहे, चांगलं स्थळ दारात पुन्हा येत नाही, काही वेडंवाकडं झालं तर तोंड कुठं दाखवायचं.

मला मांडायचा मुद्दा इथंच आहे. कांचनभट लोभी होता. आजचा बाप घाबरलेला आहे. लोभी बापाला रंगमंचावर उभं करणं सोपं, त्याला नावं ठेवणं त्याहून सोपं. प्रेक्षागृहातला प्रत्येक जण 'मी तसला नाही' असं म्हणून घरी जाऊ शकतो. घाबरलेल्या बापाला नावं ठेवून काही होत नाही. त्याला आपल्या पोरीचं वाईट करायचं नसतं. तो तिला वाचवतोय असंच त्याला मनापासून वाटत असतं. आपला कायदा, आपल्या मोहिमा, आपली पथनाट्यं अजून कांचनभटाशीच भांडत आहेत. समोर उभा आहे तो वेगळाच माणूस.

कायदा कडक आहे, यात शंका नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं बालवधूशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणारा, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात भटजी आले, मंडपवाला आला, वाजंत्री आले. लहानपणी लावून दिलेलं लग्न सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून घ्यायचा हक्क त्या मुलीला आहे. फूस लावून, जबरदस्तीनं किंवा लग्नासाठी विकून केलेला बालविवाह तर मुळातच रद्दबातल. देवलांच्या कांचनभटाचा व्यवहार त्या एका कलमात जसाच्या तसा बसतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्या पत्नीशी नवऱ्यानं ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कारच ठरवला. पुस्तकातली तटबंदी मजबूत आहे.

ती प्रत्यक्षात कशी चालते ते पाहा. कुणीतरी १०९८ या हेल्पलाइनवर फोन करतं. बहुतेक वेळा नाव न सांगता. शेजारी, शिक्षक, कधी मैत्रीण, आणि कधीकधी ती मुलगी स्वतः. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून निरोप फिरतो. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. तो, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि पोलीस दारात येतात. अंगणात हळदीचं वाटण पडलेलं असतं, आचाऱ्याची चूल पेटलेली असते, लाउडस्पीकर अचानक बंद होतो. ओट्यावर सतरंजी अंथरली जाते. पहिला प्रश्न एकच : दाखला कुठाय? शाळेचा निर्गम उतारा, जन्माची नोंद, आधार कार्ड. आजी सांगते पोरगी अठराची आहे, मामा सांगतो दाखल्यावरची तारीख गुरुजींनी अंदाजानं लिहिलीय. शेवटी शाळेच्या रजिस्टरमधली एक तारीख निकाल देते. पंचनामा होतो. अठरा पुरी झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं हमीपत्र आई-बापाकडून लिहून घेतात. मुलीला बालकल्याण समितीसमोर हजर करायचं ठरतं.

हे सगळं आवश्यक आहे, आणि अंगणवाडी ताईपासून पोलिसापर्यंत प्रत्येक जण त्या वेळी जोखीम पत्करून उभा असतो. ताईला तर त्याच गावात, त्याच गल्लीत राहायचं असतं. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. १८९९ च्या मांडवात गोत्रानं लग्न थांबवलं. आजच्या मांडवात जन्मतारीख थांबवते. मुलीला लग्न करायचं नाही, एवढ्यावर ते तेव्हा थांबलं नव्हतं आणि आजही सहसा थांबत नाही. अठरा वर्षं आणि एक दिवसाची मुलगी 'नाही' म्हणाली तर तिच्यासाठी कुठली गाडी दारात येणार?

थांबलेल्या लग्नानंतर

देवलांना शारदेचं पुढं काय, याचं उत्तर ताबडतोब द्यावं लागलं. त्यांनी कोदंड दिला. आज थांबलेल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीच्या वाट्याला काय येतं? गावात बोभाटा झालेला असतो. खर्च वाया गेलेला असतो. घरातला राग तिच्यावर निघतो. हमीपत्र कागदावर राहतं आणि चार महिन्यांनी लांबच्या पाहुण्यांकडं, देवळात, चार माणसांत लग्न लागून जातं. फोटो नाही, पत्रिका नाही, वाजंत्री नाही.

हे टाळायचं असेल तर दुसऱ्या दिवसापासूनची व्यवस्था हवी, आणि तिची सुरुवात शाळेपासून होते. खेड्यातल्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढची शाळा चार-सहा किलोमीटरवर. मुलगा सायकलीनं जातो, चालत जातो. मुलीच्या बाबतीत ती वाटच बापाच्या भीतीचं मूळ असते. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या बस आहेत. त्या वेळेवर आल्या तर पोरगी शाळेत टिकते. सलग आठ दिवस बस चुकली की घरात विषय निघतो, 'राहू दे आता शाळा.' बालविवाहाचा इतिहास पुढं कधी लिहिला गेला तर त्यात संध्याकाळच्या बसच्या वेळापत्रकाला एक प्रकरण द्यावं लागेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी गावातच राहण्या-जेवणाची सोय, म्हणजे हंगामी वसतिगृह, ही दुसरी गरज. आई-बाप फडात असताना पोरगी गावात सुरक्षित आहे, एवढी खात्री मिळाली तर सुपारी फोडायची निम्मी घाई आपोआप मावळते. 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत, त्यांतले ७५ हजार अठरा पुरी झाल्यावर. पैशाचा आधार मोलाचा आहेच. पण तो तिच्या शिक्षणाला लागतो की तिच्याच हुंड्यात जातो, हे घरात तिचा शब्द चालतो की नाही यावर ठरेल.

म्हणजे फिरून पुन्हा तिच्या शब्दापाशीच यावं लागतं. इंदिराकाकूचा शब्द घरात चालत नव्हता, म्हणून शारदेचाही चालला नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात पुनर्वसनाच्या कामात बायका पुढं आल्या. गावातल्या गावात बैठका झाल्या, नंतर बचत गट उभे राहिले, बायकांनी बँकेची पायरी चढली, पंचायतीत आरक्षणानं जागा मिळाली. ज्या घरातली आई चार लोकांत बोलायला शिकली, त्या घरातली लेक आईपाशी बोलते आणि ते बोलणं तिथंच विरत नाही. मुलीला वाचवायचं काम आईचा शब्द वजनदार करण्यापासून सुरू होतं, हे देवलांच्या नाटकात स्पष्ट दिसतं. आपण त्यातलं मुलीचं रडणं तेवढं लक्षात ठेवलं आणि आईचं गप्प बसणं विसरलो.

पुन्हा शारदा करायची

एप्रिल २०१७ मध्ये सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला झालं. जयंत सावरकर अध्यक्ष होते. जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली त्र्याण्णवावं साहित्य संमेलनही इथंच झालं. नाटकावर आणि शब्दावर जीव टाकणारा हा जिल्हा आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणपतीत, जत्रेत इथं हौसेनं नाटकं उभी राहतात. बालविवाहावर पथनाट्यंही होतात, पण बहुतेकांत एक दुष्ट बाप, एक रडणारी मुलगी आणि शेवटी धावत येणारा पोलीस. टाळ्या पडतात आणि माणसं घरी जातात.

मला वाटतं, या जिल्ह्यातल्या शाळांनी 'शारदा' पुन्हा करावी. अख्खं संगीत नाटक पेलणार नाही, तर दोनच प्रवेश घ्यावेत. एक आई-मुलीचा, दुसरा मांडवातला. देवलांची पदं शिकवावीत, ती आजही कुठल्याही मुलीच्या गळ्यात बसतात. शारदा मुलीनंच करावी. मग लग्न थांबल्यानंतरचा प्रवेश आठवी-नववीच्या मुलींनाच लिहायला सांगावा. बाप लोभी न दाखवता घाबरलेला दाखवावा. त्याच्या भीतीला नाव द्यावं : बस, हुंडा, फडावरची रात्र, भावकीचं बोलणं. शारदेनं त्यातल्या एकेका भीतीचं उत्तर मागावं, आणि ते उत्तर पुढच्या रांगेत बसलेल्या सरपंचानं, मुख्याध्यापकानं, मुकादमानं द्यावं. कोदंडाची वाट पाहायचं कारण उरणार नाही.

देवलांनी १८९९ साली एका मुलीला भर सभेत 'मला हे नको' म्हणायला लावलं, आणि महाराष्ट्रानं ते ऐकून भुजंगनाथाला हद्दपार केलं. नाटकानं करायचं काम नाटकानं केलं. उरलेलं काम नाटकाचं नाही. धाराशिवमधली पंधरा वर्षांची मुलगी जेव्हा तेच म्हणेल, तेव्हा तिच्या दाखल्यावरची तारीख पाहायच्या आधी तिचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. आणि ती वीस वर्षांची असेल, तारखेचा आधार तिला उरलेला नसेल, तेव्हाही ते तितकंच ऐकलं गेलं पाहिजे. लग्न मोडायला मुलीचा नकार पुरेसा आहे, हे ज्या दिवशी या जिल्ह्यातलं प्रत्येक घर मान्य करील, त्या दिवशी शारदेला न्याय मिळाला असं म्हणता येईल. तोवर तिचा प्रयोग चालू ठेवणं आपलं काम आहे.